पाच मजल्यांचं ऑफिस, स्विचचे थर किती?

एका पाच मजली ऑफिसचं नेटवर्क नव्याने उभं करायचं आहे असं धरू. मजल्यावर साठ-सत्तर माणसं, छताला वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट, जिन्यात कॅमेरे, टेबलांवर आयपी फोन. चार ठिकाणांहून कोटेशन मागवलं की चार निराळे आराखडे येतात आणि प्रत्येकाबरोबर एखादा ठाम दावा येतो. हे दावे सपशेल खोटे नसतात, अर्धे खरे असतात, म्हणून तर खपतात.

सगळ्यात महागात पडणारा दावा म्हणजे ‘चांगलं नेटवर्क तीन थरांचंच असतं’. ॲक्सेस स्विचला माणसांची यंत्रं जोडायची, ते स्विच डिस्ट्रिब्युशन थरात एकत्र आणायचे आणि वर कोअर. हे चित्र मुळात अनेक इमारतींच्या आवारासाठी आहे. विद्यापीठ किंवा मोठा कारखाना घ्या, तिथे प्रत्येक इमारतीला आपला डिस्ट्रिब्युशन स्विच लागतो. एकाच इमारतीत हा मधला थर जोडणार काय? म्हणून इथे कोअर आणि डिस्ट्रिब्युशन एकाच जोडीत उरकतात, त्याला ‘कोलॅप्स्ड कोअर’ म्हणतात. सर्व्हर रूममध्ये दोन कोअर स्विच, प्रत्येक मजल्यावर ॲक्सेस स्विच, आणि मजल्यावरून दोन्ही कोअरना एकेक फायबर. दहा-बारा ॲक्सेस स्विचच्या इमारतीला सहसा एवढं पुरतं.

याच्या उलट टोकाला काटकसरवाले. पहिल्या मजल्याच्या स्विचवरून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला, अशी साखळी ओढून ते फायबर वाचवतात. मग साफसफाईच्या वेळी कुणी दुसऱ्या मजल्यावरच्या रॅकचा प्लग काढला, की तिसरा, चौथा आणि पाचवा मजलाही बसला.

‘स्पाइन-लीफ’ हा शब्दही हल्ली कोटेशनमध्ये दिसतो, म्हणजे खालचा प्रत्येक स्विच वरच्या प्रत्येक स्विचला जोडायचा. कल्पना नवी नाही. बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्सचेंजसाठी मांडलेल्या रचनेत तिचं मूळ आहे. डेटा सेंटरमध्ये सर्व्हर एकमेकांशीच सतत बोलतात, तिथे ती शोभते. ऑफिसातला लॅपटॉप शेजारच्या लॅपटॉपशी क्वचितच बोलतो, त्याची बहुतेक रहदारी सरळ इंटरनेटकडे जाते. ४८ पोर्टचा एक गिगाबिटचा स्विच दोन १० गिगाबिट अपलिंकनी कोअरला जोडला, तर सगळे पोर्ट भरून वाहिले तरी मागणीचं अपलिंकच्या क्षमतेशी प्रमाण २.४ ला १ पडतं, आणि सगळे पोर्ट एकाच वेळी भरून वाहत नाहीत. टेबलापर्यंत १० गिगाबिट नेण्याचा आग्रहही असाच सोडून द्यावा. जास्त वेग लागलाच तर तो ॲक्सेस पॉइंटला लागतो, आणि त्यासाठी २०१६ पासून २.५ आणि ५ गिगाबिटचं मानक आहे. चांगल्या कॅट-सिक्स केबलवर ते पूर्ण १०० मीटर चालतं. मात्र या १०० मीटरमध्ये दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डही धरलेल्या आहेत, म्हणून भिंतीतली केबल ९० मीटरच्या आत ठेवतात.

आता ‘लूप लागला तर स्पॅनिंग ट्री बघून घेईल’ या समजाकडे थोडं सावकाश पाहू. बैठकीच्या खोलीत टेबलाखाली कुणीतरी पाच पोर्टचा स्वस्त स्विच ठेवलेला असतो. त्यातून एक केबल लोंबकळत असते. पसारा नको म्हणून एखादा नीटनेटका माणूस तिचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये खोचतो. आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते, इथरनेट फ्रेमला नसते. त्यामुळे सर्वांसाठी पाठवलेली एकच फ्रेम गोल फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि थोड्याच वेळात रॅकमधले सगळे दिवे एका तालात लुकलुकू लागतात.

अशा लूपवर उपाय म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री रचला. पण त्याची सगळी मदार स्विचनी एकमेकांना पाठवलेल्या ‘बीपीडीयू’ नावाच्या निरोपांवर आहे, आणि काही स्वस्त स्विच ते निरोप पुढे सोडतच नाहीत. म्हणून टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड आणि लूप प्रोटेक्शन दोन्ही लावून घ्या. आणखी एक गंमत अशी की स्पॅनिंग ट्रीचा प्रमुख स्विच कोणता, हे तुम्ही ठरवलं नाही तर सर्वांत लहान मॅक ॲड्रेसचा स्विच तो मान पटकावतो. बरेचदा तो इमारतीतला सगळ्यात जुना, कँटीनच्या कपाटातला डबा निघतो. प्रायॉरिटी कोअरवर स्वतः लिहायची, नशिबावर सोडायची नाही.

‘दोन लिंक लावल्या, वेग दुप्पट झाला.’ एकूण क्षमता दुप्पट होते, पण एकाच फाइलची एक प्रत एकाच तारेवरून जाते. ‘दोन कोअर स्टॅक केले, आता चिंता नाही.’ स्टॅक सांभाळायला सोपा, पण त्याचा ताबा एकाच स्विचकडे असतो, आणि फर्मवेअर बदलताना बहुधा अख्खा स्टॅक रीस्टार्ट होतो. जिथे रात्रपाळी आहे तिथे दोन्ही कोअर स्वतंत्र चालणारी एमलॅगसारखी व्यवस्था मला बरी वाटते. पण दोन्ही फायबर एकाच डक्टमधून आणि दोन्ही कोअर एकाच यूपीएसवर असतील, तर दुसऱ्या कोअरचे पैसे वायाच समजा.

पीओईचं, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच यंत्रांना वीज देण्याचं, गणित तर बहुतेक जण पोर्ट मोजून करतात. ते वॅटमध्ये करायचं असतं. ४८ पोर्टना प्रत्येकी ३० वॅट म्हणजे १४४० वॅट, पण स्विचचं पीओई बजेट ३७० वॅटचं असेल तर ३० वॅटची यंत्रं बाराच चालतील. हा आकडा माहितीपत्रकात असतो, आधी तो पाहा.

व्हीलॅन केलं की सुरक्षा झाली, हाही भ्रमच. व्हीलॅन फक्त यंत्रांचे गट वेगळे करतो. कोणी कुठे जायचं, हे कोअरवर किंवा फायरवॉलवर नियम लिहून ठरवावं लागतं.

सगळं बसवून झालं की कंत्राटदाराचं शेवटचं बिल देण्याआधी एक काम नक्की करा. ऑफिस चालू असताना, फोनवर कुणी बोलत असताना, एका कोअरची वीज काढायला सांगा. बोलणं तुटलं, तर बिल थांबवा.