इंजिनाच्या पाठीमागून गळणारे तेल

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर काठावर, नव्या पुलाच्या तोंडाशी अफझलगंज वसले आहे. 1857 ते 1869 या काळात राज्य करणाऱ्या अफझलउद्दौला या निजामाचे नाव या पेठेला मिळाले. पेठेला लागूनच गौळीगुडा. 1932 साली निजामाच्या रेल्वेने 27 गाड्यांनिशी मोटार-वाहतूक सुरू केली. पुढे गौळीगुड्याचे कमानदार पत्र्याचे छप्पर हे कित्येक वर्षे शहराचे बसस्थानक होते. 2018 साली ते कोसळले. जेथे गाड्या थांबतात, तेथे सुटे भाग विकणारे दुकानदार आणि इंजिने बांधणारे मिस्त्री आपोआपच गोळा होतात.

या मिस्त्रींच्या दारी वरचेवर येणारी एक तक्रार आज आपण पाहणार आहोत. इंजिन नव्याने बांधून घेतले, सिलिंडर बोअर केले, बेअरिंगे बदलली, भरपूर पैसे मोजले. आणि महिनाभरात इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल ठिबकू लागले. दोष येतो तो क्रँकच्या मागच्या ऑइल सीलवर. इंजिनाच्या सामानात हा जिन्नस अगदी स्वस्तातला. परंतु तो पुन्हा बदलावयाचा म्हणजे गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील ही सारी उतरविणे आले. तोपर्यंत टॅक्सीवाल्याची कमाई बंद. बरे, तसेच चालवावे तर तेल क्लचप्लेटवर जाते. मग भरल्या गाडीने घाट चढताना इंजिन ओरडत राहते आणि गाडी जागची हलत नाही. चेंबरमधील तेल फारच उतरले तर नवी बेअरिंगेही जळतात.

हे सील करते तरी काय? क्रँकचा मागचा भाग इंजिनाबाहेर येऊन फ्लायव्हीलला जोडलेला असतो. आतले उडणारे तेल त्या वाटेने बाहेर पडू नये म्हणून रबराचा एक पातळ ओठ, गोल स्प्रिंगच्या दाबाने, फिरत्या दांड्यावर टेकविलेला असतो. ओठ आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा केसाहूनही बारीक पापुद्रा असावा लागतो. दांडा खरखरीत असेल तर ओठ झिजतो. आरशासारखा गुळगुळीत असेल तर पापुद्रा टिकत नाही आणि ओठ कोरडा जळतो. म्हणजे दुकानात मिळते ते निम्मेच सील होय. उरलेला निम्मा भाग क्रँकवर असतो, आणि तो विकत मिळत नाही.

म्हणून सील घेण्यापूर्वी क्रँक पाहावा. जुन्या ओठाने दांड्यावर चर पाडला आहे काय, हे नख फिरवून पाहावे. नख अडले, तर तेथे नवे सील टिकणार नाही. अशा वेळी पुष्कळदा एमरी कागद हाती घेऊन दांडा चकचकीत करण्याचा मोह होतो. कागद दांड्याच्या लांबीच्या दिशेने सरकला की त्यावर स्क्रूच्या आट्यांसारखे तिरपे ओरखडे उमटतात, आणि दांडा फिरू लागला की तेच आटे तेल बाहेर ढकलू शकतात! घासणी जागच्या जागी, सरळ झाली पाहिजे. चर खोल असेल तर त्यावर पातळ स्टेनलेस पोलादाची बाही चढविता येते. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते. घरात जागा असेल आणि आतली तेलाची वाट झाकली जाणार नसेल, तर सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवूनही ओठाला अस्पर्श जागा देता येते.

क्रँकचे हे महत्त्व ज्याला पटत नसेल त्याने ॲम्बॅसडर आठवावी. 1959 पासून या गाडीत आलेल्या 1489 घनसेंटिमीटरच्या इंजिनात मागे रबरी ओठ नव्हताच. दांड्यावरच आटे कापलेले असत. दांडा फिरे तसे ते तेल आत परतवीत. आटे आणि त्यांभोवतीचे कडे यांत फटही थोडीच ठेवलेली असे. मेन बेअरिंग झिजले की क्रँक खाली बसे, फट एका बाजूला वाढे आणि तेल गळू लागे. तेथे उपाय एकच : मेन बेअरिंग नीट करणे. उतारावर उभ्या गाडीने चार थेंब टाकले, तर तो मात्र त्या रचनेचा स्वभाव समजावा.

पर्किन्ससारख्या काही जुन्या डिझेल इंजिनांत ग्रॅफाइट लावलेली दोरी दोन अर्ध्या कड्यांत भरलेली असे. जुनी दोरी ॲसबेस्टॉसची असण्याचा संभव असतो. ती कोरडी खरवडू नये, हवा मारून धूळही उडवू नये. नवी दोरी तेलात भिजवून गोल दांड्याने खाचेत दाबून बसवावी लागते आणि टोके कारखान्याच्या पुस्तकात सांगितल्याइतकीच बाहेर ठेवून कापावी लागतात.

आता खरेदीचे. जुने सील काउंटरवर ठेवून ‘असेच द्या’ म्हणणे पुरेसे नाही, कारण वापरलेला ओठ पसरलेला असतो. कडेवरचे आकडे वाचावेत : 80–100–10 असे असेल तर दांडा 80, घर 100 आणि रुंदी 10 मिलिमीटर. नंतर रबराची जात विचारावी. 80 मिलिमीटरचा दांडा मिनिटाला 4500 फेरे घेतो तेव्हा ओठाखालून सेकंदाला सुमारे 19 मीटर पोलाद सरकते. ओठाच्या टोकाशी तेलाहूनही अधिक उष्णता असते. नायट्राइल रबर साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. फ्लुओरो रबर 200 अंशांपर्यंत. 100 मिलिमीटरच्या दांड्याच्या, 2000 फेऱ्यांच्या संथ डिझेलमध्ये हा वेग साडेदहा मीटरच्या आसपास राहतो. तेव्हा एका इंजिनात वर्षानुवर्षे टिकलेले रबर दुसऱ्यात टिकेलच असे नाही. रंगावरून जात ओळखू नये. रंग कोणत्याही रबराला देता येतो. कडेवर बाण असेल तर तो इंजिन फिरण्याच्या दिशेशी जुळला पाहिजे.

बसविताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, धुळीचा ओठ बाहेर. रबरी ओठाला स्वच्छ तेल लावावे. टेफ्लॉनचा ओठ असेल तर मात्र तेलाचे बोटसुद्धा लावू नये. तो कोरडाच, सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या मार्गदर्शक कड्यावरून सरकवावयाचा असतो, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी कारखान्याने सांगितलेले तास त्याला द्यावयाचे असतात. हातोड्याने एकेका बाजूला ठोकीत गेल्यास सील तिरपे बसते. रुंद, सपाट कड्याने चहूकडून सारखा दाब द्यावा. सील दोन तुकड्यांचे असेल तर त्याचे सांधे बेअरिंगच्या टोपीच्या सांध्यावर येऊ न देता थोडे फिरवून ठेवावेत.

एवढे करूनही तेल दिसले तर गिअरबॉक्स उतरविण्याची घाई नको. आधी ब्रीदर साफ करावा. तो तुंबला की पिस्टनबाजूने उतरणारा वायू चेंबरमध्ये कोंडतो आणि निर्दोष सीलमधूनही तेल लोटतो. वरच्या झाकणाचे गास्केट किंवा तेलाच्या दाबाचा स्विच गळत असेल, तर ते तेलही इंजिनाच्या पाठीवरून ओघळून नेमके त्याच सांध्याशी जमा होते. गिअरबॉक्सचे तेल असेल तर ते दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. सारे पुसून कोरडे करावे, गाडी एखादा तास चालवावी, आणि बॅटरी घेऊन ओल वरून खाली येते की खालूनच निघते, ते पाहावे.