गाणं तेच, मग आवाज वेगळा का?

महागडा हेडफोन मागवण्याआधी तुमची फाइल, लॅपटॉप आणि सेटिंग एकदा तपासा. अर्ध्या दुरुस्त्या तर फुकटात होतात!

'सैराट' २०१६ला आला तेव्हा तुम्ही शाळेत असाल. त्यातली गाणी तुम्ही वरातीत ऐकलीत, गणपतीत ऐकलीत, फोनवर तर रोजच. पण अजय-अतुल यांनी या सिनेमाच्या संगीतासाठी थेट हॉलिवूडमध्ये, सोनीच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं होतं, हे माहितीय का? आता 'याड लागलं' फोनच्या स्पीकरवर लावा आणि त्यातली किती वाद्यं ऐकू येतात ते मोजा. मग तेच गाणं बऱ्यापैकी वायरवाल्या इअरफोनवर ऐका. मागे आणखी बरीच माणसं वाजवत होती, हे तेव्हा कळतं.

ती माणसं आधी कुठं गेली होती? रस्त्यात गळाली. गाणं तुमच्या कानापर्यंत येताना पाच टप्पे पार करतं: फाइल, ती वाजवणारं सॉफ्टवेअर, आकड्यांचा आवाज करणारी चिप, हेडफोन आणि शेवटी तुमचा कान. लातूरकरांना हे वेगळं समजावायला नको. मांजरा धरणात पाणीच नसेल तर घरातला नळ कितीही भारी असून काय उपयोग? म्हणून सुरुवात नळापासून नाही, धरणापासून करू.

धरण म्हणजे फाइल

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. गणित असं सांगतं, की एखादा आवाज आकड्यांत नीट पकडायचा तर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा सेकंदाला त्याची नोंद घ्यावी लागते. म्हणून १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, आणि प्रत्येक नोंद १६ बिटची. यामुळे पाच मिनिटांचं गाणं साधारण ५३ एमबीचं होतं.

त्या काळच्या इंटरनेटला हे झेपणारं नव्हतं. मग जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी डोकं चालवलं. एसटीचं इंजिन घरघरत असताना शेजारचा काय कुजबुजतोय ते आपल्याला ऐकू येत नाही. तसंच गाण्यातही मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज झाकले जातात. ते टाकूनच दिले तर? त्यातून एमपीथ्री तयार झालं. १२८ केबीपीएसला तेच गाणं पाच एमबीच्या आत बसतं, ३२०ला १२ एमबीत. फ्लॅक हा तिसरा प्रकार आहे. तो २००१पासून सगळ्यांना फुकट उपलब्ध आहे. झिप फाइलसारखा तो काहीही न टाकता आकार जवळपास निम्म्यावर आणतो.

आता खरी गोम. मोबाइल शॉपीतून पेनड्राइव्हमध्ये भरून घेतलेली किंवा कुठून तरी उतरवलेली '३२० केबीपीएस' गाणी बऱ्याचदा १२८चीच असतात, फक्त पुन्हा रूपांतरित केलेली. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून घट्ट होत नाही! तपासायचं असेल तर स्पेक नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर घ्या. फाइल त्यात टाकली की आवाजाचा आलेख दिसतो. तो १६ किलोहर्ट्झजवळ सुरीनं कापल्यासारखा संपत असेल तर समजून जा.

स्ट्रीमिंगवाल्यांनी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन क्वालिटी बघावी. स्पॉटिफायवर फुकट वापरणाऱ्यांना फोनवर जास्तीत जास्त १६० केबीपीएस मिळतं. डेटा सेव्हर चालू राहिला असेल तर त्याहून कितीतरी कमी. ॲपल म्युझिकनं २०२१पासून जादा पैसे न घेता सीडीच्या दर्जाची, काहीही न टाकलेली गाणी द्यायला सुरुवात केली. पण अशी गाणी तासाभरात साडेतीनशे-चारशे एमबी खातात. रोजच्या दीड जीबीत ते परवडतं का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

कान खरंच ओळखतो का?

'२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' असं खोक्यावर लिहिलं की किंमत चढते. अमेरिकेत ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी हेच तपासून बघितलं. एकदा हाय-रिझोल्युशन डिस्क तशीच वाजवायची, एकदा तोच आवाज सीडीच्या दर्जावर आणून. ऐकणाऱ्याला कोणतं काय ते सांगायचं नाही. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे छापा-काटा केल्यासारखंच! २००७मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये हे छापून आलं.

ही परीक्षा तुम्ही रूमवरही देऊ शकता. विंडोजसाठी फूबार२००० हे प्लेअर फुकट आहे. त्यात एबीएक्स नावाची जोडणी टाका. फ्लॅक गाण्यापासून ३२०ची प्रत बनवा आणि न बघता ओळखा. सोळापैकी आठ-नऊच बरोबर आले तर लाजू नका, बहुतेकांचं तेच होतं. ३२० तुमच्या कानाला पुरेसं आहे, एवढं कळलं आणि पैसे वाचले. १२८ आणि ३२०मधला फरक मात्र टाळ-झांजांच्या आवाजात पकडता येतो. झांज वाजून विरते ती शेपटी ऐका. १२८ला ती पाणी सळसळल्यासारखी होते.

लॅपटॉपला दोष देण्याआधी

विंडोज सगळ्या ॲपचे आवाज एकत्र करून एकाच वेगावर आणतं आणि मग पुढं पाठवतं. फूबारमध्ये वासापी एक्सक्लुसिव्ह निवडलं की ही मधली खिचडी टळते. फरक बारीक असतो, पण फुकट आहे. त्याहून मोठा फरक पडतो तो साउंड सेटिंगमधलं 'एन्हान्समेंट' बंद केल्यानं.

चार्जर लावला की हेडफोनमध्ये गुणगुण येते? बऱ्याचदा अर्थिंगचा घोळ असतो. भाड्याच्या रूमवर तर हमखास. चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर लॅपटॉप नाही, वायरिंग दोषी.

आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. ती तुमच्या लॅपटॉपमध्ये आणि फोनमध्ये आधीपासून आहे. तिथं खरखर असेल किंवा फोनला जॅकच नसेल, तर हजार रुपयांच्या आसपासचा यूएसबी-सी डोंगल पुरतो. घेताना त्यात डॅक आहे ना, हे विचारा. काही स्वस्त डोंगल नुसती वायर असतात, सगळ्या फोनवर चालत नाहीत. ॲपलचा डोंगल चांगला मानतात, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो. आणि 'खास ऑडिओवाली' महागडी यूएसबी केबल? त्यातून जातात ते आकडेच. साध्या धड केबलमधूनही तेच जातात.

पैसे टाकायचेच तर या क्रमानं

- आधी इअरफोन. हजार-दोन हजारांच्या वायरवाल्या इअरफोननं जेवढा बदल होतो, तेवढा दुसऱ्या कशानंच होत नाही.
- रबरी टोप्या कानात घट्ट बसल्या पाहिजेत. फट राहिली की ढोल-तबल्याचा खर्ज गेला. खोक्यातल्या तिन्ही मापांच्या टोप्या घालून बघा.
- इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर आणि ऑटोइक्यू या प्रकल्पात तयार मिळणारी सेटिंग, दोन्ही फुकट. तुमच्या मॉडेलचं सेटिंग सापडलं तर आवाज बराच सुधारतो.
- ब्लूटूथ वाईट नाही. पण लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना ब्लूटूथचा माइक सुरू झाला, की गाणं टेलिफोनवर वाजल्यासारखं येतं. माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज पुन्हा येईल.

आणि अस्सल तबला कसा वाजतो, हे कानाला माहीत नसेल तर यंत्राची पारख करणार कशी? नांदेडला सचखंड हजूर साहिबमधलं कीर्तन ऐका, संगीत शंकर दरबारला जा. लातूरकरांसाठी औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन आहे. कान तयार करायची ही जागा.

बदलता न येणारा भाग

हेडफोन बिघडला तर नवा येतो. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकणं सुरक्षित. आवाज ३ डेसिबलनं वाढला की ही वेळ निम्मी. नांदेड-लातूर एसटीत इंजिनावर मात करायला आपण आवाज वाढवतो आणि उतरल्यावरही तो तसाच राहतो. घट्ट बसणाऱ्या टोप्या इथंही कामी येतात. बाहेरचा गोंगाट अडला की कमी आवाजात भागतं. डीजेपुढून आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ती कानाची तक्रार आहे. तिला गंमत समजू नका.

जे कुठल्याच ॲपवर नाही

हे सगळं जमलं की त्याचा एक मोठा उपयोग आहे. गावी ट्रंकेत कॅसेट पडल्या असतील. आजोबांच्या भजनी मंडळाची, भीमजयंतीच्या गाण्यांची, लग्नात रेकॉर्ड केलेल्या ओव्यांची. ही गाणी कुठल्याही ॲपवर सापडणार नाहीत, आणि टेप दरवर्षी थोडी थोडी मरते आहे.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावोगाव फिरून जमवल्या. त्यातल्या काही बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात डिजिटल टेपवर रेकॉर्ड केल्या. त्यात आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायाही आहेत. पारीच्या संकेतस्थळावर आज त्या कुणालाही ऐकता येतात. नीट रेकॉर्ड केलं, नीट जपलं, म्हणूनच हे झालं.

तुम्हाला लागेल चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, एक ऑक्स केबल आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर. बऱ्याच लॅपटॉपचा जॅक फक्त माइकसाठी असतो, तेव्हा स्टिरिओ इनपुट असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. आधी टेपरेकॉर्डरचं हेड पुसून घ्या. रेकॉर्डिंगची पातळी लाल रेघेला लागू देऊ नका. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. फ्लॅकमध्ये साठवा, दोन वेगळ्या जागी ठेवा. आणि फाइलच्या नावात कोण गातंय, कुठल्या गावात, कुठल्या साली, हे लिहा. ते सांगू शकणारं माणूस घरात आहे तोवरच विचारून घ्या. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ट्रंक उघडाच.