सीसीएनए म्हणजे पुढची एमएस-सीआयटी नव्हे

शिरूर-दौंडकडे संगणकाचं सर्टिफिकेट म्हटलं की आधी एमएस-सीआयटी आठवते. क्लास लावा, फी भरा, परीक्षा द्या, कागद फायलीत लावा. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटकडेही मुलं त्याच नजरेने पाहतात आणि बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

इंजिनिअरिंगची पदवी लागते, हा त्यातला एक. तशी कुठलीच अट नाही. आयटीआय करून रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत शिफ्ट करणारा मुलगाही थेट परीक्षेला बसू शकतो. त्यासाठी पुण्यात खोली घ्यायची किंवा महागडे राऊटर-स्विच विकत आणायचे, याचीही गरज नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर त्यात अख्खं नेटवर्क उभं करता येतं. खरा खर्च परीक्षेचा: ३०० डॉलर आणि वर कर. नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, फी मात्र पुन्हा पूर्ण.

म्हणूनच 'डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्नसंच, पाठ केले की झालं' हा समज सगळ्यात महागात पडतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या संचांत चुकीची उत्तरं असतात, हा लहान दोष. सीसीएनएच्या २००-३०१ या १२० मिनिटांच्या परीक्षेत कमांड देऊन सोडवायचे लॅबचे प्रश्नही येतात, तिथे पाठांतर काय करणार? एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. आणि चोरलेले प्रश्न वापरल्याचं उघड झालं तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करू शकते.

सबनेटिंगची, म्हणजे आयपी पत्ते छोट्या गटांत वाटण्याच्या गणिताची, भीती तर निव्वळ ऐकीव. समजा, कारखान्यात ५० कॅमेरे जोडायचे आहेत. /२७ या गटात पत्ते ३२. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले ३०. पुरत नाहीत. /२६ मध्ये ६४ पैकी ६२ वापरता येतात, काम झालं. दोन, चार, आठ करत २५६ पर्यंत दुप्पट करता आलं की यातलं बहुतेक गणित संपलं. हवा तो वेग, कारण कॅल्क्युलेटर नेता येत नाही. रोज घड्याळ लावून सराव करावा. मात्र सगळे दिवस यातच घालवू नयेत. सर्वाधिक, २५ टक्के भार आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे मुख्यतः राऊटिंगला आहे.

परीक्षा घरूनही देता येते. पण खोलीत कुणी डोकावलं तरी ती थांबवली जाऊ शकते. एकत्र कुटुंब आणि विजेचा भरवसा नसेल, तर पुण्याचं केंद्र गाठलेलं बरं.

राहिली नोकरी. सर्टिफिकेट ३ वर्षंच चालतं, आणि ते मुलाखतीच्या दारापर्यंत नेतं, इतकंच. आत बहुधा साधा प्रश्न येतो: एकाच कॉम्प्युटरला इंटरनेट मिळत नाही, आधी काय बघशील? केबल, आयपी ॲड्रेस, गेटवेला पिंग, मग डीएनएस, असं ज्याने ट्रेसरवर मुद्दाम बिघडवून दुरुस्त केलंय, त्याला उत्तर शोधावं लागत नाही.