खोलीत उमटणारा नाद
मिश्र वास्तवाची ओळख : लेखांक ६

जमीन कुठे आहे, भिंत कुठे संपते, टेबल किती उंच आहे हे हेडसेट कसं ओळखतो, ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्या खोलीत संगीत आणू. गाणं सुरू झालं की जमिनीवर तरंग उठावेत, भिंतीवर रंग चढावेत आणि हे सगळं सुरातालाबरोबर घडावं, यासाठी काय करावं लागतं?

ही ओढ जुनी आहे. रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्रियाबिन यांनी १९१० मध्ये पूर्ण केलेल्या ‘प्रॉमिथियस’च्या स्वरलिपीत प्रकाशासाठी वेगळी ओळ लिहिली होती. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ही रचना रंगीत प्रकाशासह सादर झाली. त्यानंतर शतकाने, २०१८ मध्ये, आइसलँडचा सिगुर रोस हा बँड आणि मॅजिक लीप ही कंपनी यांनी मिळून ‘टोनांडी’ हा अनुभव आणला. त्यात ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या खोलीत नादाच्या आकृत्या तरंगतात आणि हाताच्या हालचालींना प्रतिसाद देतात. स्क्रियाबिन यांनी प्रकाश कधी बदलायचा ते आधीच लिहून ठेवलं होतं. आपल्याला ते काम संगणकाकडून, ऐकता ऐकता करून घ्यायचं आहे.

संगणकाला आवाज म्हणजे नुसते आकडे, सेकंदाला साधारण ४८,००० नमुने. त्यातले १,०२४ नमुने एका वेळी उचलायचे आणि त्यांत कोणत्या कंपनसंख्येचा किती अंश आहे ते काढायचं. यासाठी कूली आणि टूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेली जलद फूरिए रूपांतराची रीत वापरतात. युनिटीसारख्या साधनात ती तयारच मिळते. उत्तरादाखल सुमारे ४७ हर्ट्‌झ रुंदीचे ५१२ कप्पे हाती येतात.

हे कप्पे जसेच्या तसे वापरले, तर चित्र बिघडतं. आपला कान सप्तकांच्या हिशेबाने ऐकतो. ५५ ते ११० हर्ट्‌झ हे एक सप्तक जेमतेम एका कप्प्यात संपतं, तर ७,०४० ते १४,०८० हर्ट्‌झ या सप्तकाला दीडशे कप्पे मिळतात. म्हणून कप्प्यांची सप्तकवार मोट बांधायची. शिवाय आकडे सतत थरथरतात. त्यावर उपाय असा, की चढ झटक्यात घ्यायचा आणि उतार सावकाश. मग ठोका ठसठशीत दिसतो आणि त्याची आसही दिसते.

आता नादाच्या कोणत्या गुणाला काय दाखवायचं, ते ठरवायचं. तबल्याचा ‘धा’ घ्या. त्यात डग्ग्याचा ‘गे’ आणि चाटीवरचा ‘ना’ एकत्र असतात. डग्गा खालच्या सप्तकांत सापडतो, ‘ना’ वरच्या. डग्ग्याला जमीन द्या, ‘ना’ला भिंत. मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा घुमारा वर चढला की जमिनीवरचा तरंग पसरू द्या. तानपुऱ्याचं गणित वेगळं आहे. त्याचा आवाज एकसारखा भरलेला असतो, त्यामुळे केवळ आवाजाची पातळी मोजणाऱ्या चित्राला तिथे फारसं काही घडताना दिसत नाही. जवारीमुळे सतत बदलत राहणारे वरचे स्वरांश मोजले, तरच भिंतीवरचा रंग जिवंत राहतो. नादाच्या एका गुणाला दृश्याचा एकच गुण जोडावा. सगळ्याला सगळं जोडलं, की कशामुळे काय हललं ते प्रेक्षकाला कळत नाही आणि त्याचं लक्ष उडतं.

सर्वांत मोठा शत्रू मात्र उशीर. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. दृश्यामागून आवाज येण्याची आपल्याला निसर्गतः सवय आहे. उलटं झालेलं चटकन खुपतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडल्यावर लक्षात येतो, पण पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच. आपली दृश्यं आवाज ऐकून उठतात, म्हणजे आपण नेमक्या अवघड बाजूला उभे आहोत. १,०२४ नमुने जमायलाच २१ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ९० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्राचे आणखी ११ जातात. माइक आणि संगणकाचा उशीर त्यावर वेगळा. २,०४८ नमुने घेतले तर कंपनसंख्या बारकाईने कळते, पण ते जमायलाच ४३ मिलिसेकंद खर्ची पडतात.

म्हणून ध्वनिमुद्रित गाणं असेल तर ते आधीच तपासून ठोक्यांच्या वेळा नोंदवून ठेवाव्यात, म्हणजे दृश्य ठोक्यावर अचूक उमटतं. प्रत्यक्ष मैफिलीत ही सोय नाही. तिथे ठोक्यासाठी लहान तुकडा आणि रंगासाठी मोठा तुकडा, असे दोन हिशेब एकाच वेळी चालवावेत. रंग थोडा उशिरा बदलला तर चालतं. ठोका चुकलेला चालत नाही.

शेवटी एक पथ्य, आणि ते कधीही मोडू नका. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश काही जणांना अपस्माराचा झटका आणू शकतो आणि हेडसेटमध्ये तो डोळ्यांच्या अगदी पुढ्यात असतो. द्रुत लयीत प्रत्येक बोलाला लखलखाट जोडला, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. जलद बोलांसाठी लखलखाटाऐवजी हालचाल वापरा, तरंग वापरा. पुढच्या लेखांकात हाताच्या हालचालींनी हे तरंग कसे वळवायचे ते पाहू. तोवर आवडीची एखादी बंदिश लावा आणि तिच्यातल्या कोणत्या एका गुणाला खोलीतली कोणती जागा द्याल, ते कागदावर लिहून ठेवा.