सहा बावीसचा मुहूर्त

एमएस-डॉस ६.२२च्या फ्लॉपीवर ‘डिर’ मारून नीट पाहिलं, की गंमत दिसायची. फाइलींची तारीख ३१ मे १९९४ आणि वेळ सकाळी ६:२२. एकजात सगळ्या. विंडोज ३.१च्या फाइली पहाटे ३:१०च्या, तर विंडोज ९५च्या ९:५०च्या, कारण ते बिल्ड होतं ९५० क्रमांकाचं. मायक्रोसॉफ्टने आवृत्तीचा आकडाच घड्याळात घालून ठेवला होता. लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्तासारखी ही वेळ. अक्षता खरोखर कधी पडल्या ते वेगळंच. मला ही पद्धत आवडायची. वेळ खोटी, पण उघडउघड खोटी. फोनवर नुसती वेळ विचारली तरी समोर कोणती आवृत्ती आहे ते कळे.

माझी उमेदीची वर्षं बिल्ड काढण्यात गेली. प्रोग्रामर मंडळींनी लिहिलेल्या कोडमधून ग्राहकाला देण्याजोगी फाइल तयार करायची, तिला क्रमांक द्यायचा, हे आमचं काम. तक्रार आली की मी विचारायचे, “तुमच्याकडची फाइल कुठली?” आणि ग्राहक हमखास ‘डेट मॉडिफाइड’ वाचून दाखवायचा.

ती तारीख फार लेचीपेची असते. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली, की ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते आणि ‘क्रिएटेड’ आजची होते. म्हणजे फाइल जन्माआधीच बदललेली! लिनक्सवर साध्या ‘सीपी’ने उलट ‘मॉडिफाइड’च आजची होते. गिटमधून दहा वर्षांपूर्वीचा कोड उतरवून घ्या, सगळ्या फाइली आत्ताच्या दिसतील. फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते, आणि ती कुठल्या देशाची हे लिहिलेलंच नसतं. आणि ‘टच’ ही आज्ञा आपल्या फाइलीला हवी ती तारीख देते, कुणाला न विचारता.

जाणकार म्हणतील, ईएक्सईच्या पोटातली वेळ बघा. बरोबर आहे. लिंकर फाइल जोडताना तिथे १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद लिहितो आणि कॉपी करून ते बदलत नाहीत. पण डेल्फीच्या कित्येक आवृत्त्यांनी बनवलेल्या प्रोग्रामांत तिथे ठरलेलं उत्तर असतं: १९ जून १९९२, रात्री २२:२२:१७, ग्रिनिचची वेळ. डेल्फी स्वतः बाजारात आली १९९५ साली! व्हायरस लिहिणारे तर हा आकडा मुद्दाम फिरवतात. तपास करणाऱ्यांनी त्यावर विसंबावं हेच त्यांना हवं असतं.

विंडोज १०च्या काही फाइलींत याच जागी भविष्यातलं साल निघतं. ही मात्र लबाडी नव्हे. तिथे वेळ लिहायचीच नाही, मजकुरावरून काढलेला हॅश लिहायचा, असं मायक्रोसॉफ्टने ठरवलं. एकाच कोडमधून दोनदा बिल्ड काढलं तर बाइट न् बाइट सारखी फाइल यावी, म्हणजे मध्ये कुणी काही घुसडलं नाही हे कुणालाही पडताळता येतं. घड्याळातली वेळ आत शिरली की हे जमत नाही. डेबियनची मंडळी २०१३पासून याच्या मागे आहेत. त्यांच्या पद्धतीत बदलांच्या नोंदवहीतल्या शेवटच्या नोंदीची तारीख वापरतात, बिल्ड कधीही काढा. माझ्या मते हेच योग्य. फाइल कधी बनली यापेक्षा कशातून बनली, हे कळणं जास्त मोलाचं.

तेव्हा सपोर्टला फोन कराल तेव्हा तारीख सांगू नका. फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डीटेल्स’खाली व्हर्जन असतं, ते शेवटच्या टिंबानंतरच्या अंकांसकट वाचून दाखवा. आणि डाउनलोडसोबत एसएचए-२५६ दिला असेल, तर विंडोजमधल्याच ‘सर्टयूटिल’ने तो जुळवून पाहा.