उंबरठ्यावरचा तिळगूळ

मार्गशीर्ष लागला की खानदेशातील सकाळ धुक्याची शाल पांघरून येते. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व मासांमध्ये या मासाला आपली विभूती म्हटले आहे. घरोघरी गुरुवारचे महालक्ष्मीव्रत मांडले जाते. चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलली जाते, पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा हलतो आणि पुढे भोगी-संक्रांतीची चाहूल लागते. याच दिवसांत ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो, ज्यू बांधव हनुक्काचे दीप आठ रात्री लावतात आणि पंजाबी कुटुंबे लोहडीचा अग्नी पेटवितात.

हा निव्वळ योगायोग नव्हे. २१-२२ डिसेंबरला आपल्याकडील रात्र सर्वांत मोठी असते. तेथून दिवस वाढू लागतो. आपली संक्रांत निरयन गणनेमुळे आज जानेवारीच्या मध्यास येते, तरी तिचा भाव तोच. अंधार सरू लागला, सूर्य परतला, या आश्वासनाची मानवाला सर्वत्र गरज भासली. भाषा आणि उपासना भिन्न. थंडी आणि आशा एक.

नशिराबादकरांना हे सहज उमगावे. जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यानचे हे गाव. हिंदू आणि मुसलमान येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले. अवधूत वृत्तीचे झिपरू अण्णा महाराज येथेच वावरले. त्यांची समाधी गावाचे श्रद्धास्थान आहे. पूर्वेस भुसावळ म्हणजे रेल्वेचे गाव. रेल्वेच्या निमित्ताने नाना प्रांतांची आणि धर्मांची माणसे तेथे आली, आणि नाताळच्या प्रार्थनाही त्यांच्यासमवेत आल्या.

हिवाळ्यातील या सणांच्या कथा पाहिल्या, तर एक गोष्ट मनात भरते. बहुतेक कथांत कोणीतरी दाराशी उभे असते. दत्तजन्माच्या कथेत ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अनसूयेच्या आश्रमी येतात. ते विपरीत अट घालतात, तरी ती माउली त्यांना विन्मुख पाठवीत नाही. तपोबलाने त्यांना बालके करून मांडीवर घेते. नाताळच्या कथेत दिवस भरलेल्या मरियेला सराईत जागा मिळत नाही. तिचे बाळ गव्हाणीत निजते. एका कथेत दार उघडले, दुसरीत ते उघडले नाही. बोध मात्र एकच: सणाची कसोटी देवघरात लागते, तशीच ती उंबरठ्यावरही लागते.

मग सर्व सण एकच आहेत, असे म्हणून मोकळे व्हावे काय? नाही. भोगीच्या भाजीत वांगे, गाजर, पावटा, हरभरा, बोर आणि तीळ एकत्र शिजतात. पण जिभेला प्रत्येकाची चव निराळी लागते. शेजाऱ्याचा आदर करावयाचा, तर त्याचा नेम ठाऊक हवा. कोकणातील बेने इस्राएल ज्यू तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हेच नाव दिले. शेजारच्याचा विसाव्याचा दिवस गावाने ओळखला होता, याची खूण त्या नावात उरली आहे.

अशी जाण ठेवण्याचा एक प्रसंग पुढे येणार आहे. इस्लामी वर्ष चांद्र असून त्यात अधिक मास नसतो. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत सर्व ऋतूंतून फिरतो. २०३० च्या जानेवारीच्या प्रारंभी तो सुरू होईल, म्हणजे त्या वर्षीची संक्रांत रोजांच्या दिवसांत येईल. तेव्हा शेजारच्या घरी तिळगूळ भर दुपारी न्यावयाचा नाही. सूर्यास्तानंतर, रोजा सुटण्याच्या वेळी न्यावयाचा. एवढ्या लहानशा विवेकाने आपला सणही साजरा होईल आणि त्यांचे व्रतही राखले जाईल.

परंतु परक्यासाठी दार उघडताना घरातील एखादे माणूस दाराआड राहत नाही ना, हेही पाहिले पाहिजे. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरमध्ये नशिराबादच्या काचेच्या बांगड्यांची नोंद आहे. बांगडी भरणारा हात कधी कासाराचा असतो, कधी मणियाराचा. सौभाग्याचे हे लेणे घेताना आपण भरणाऱ्याचा धर्म विचारीत नाही. मात्र पती गेल्यावर तीच बांगडी फोडली जाते. मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालते, सुगडे पूजली जातात, वाण लुटले जाते; आणि ज्या आईने किंवा काकूने पहाटे उठून तीळ भाजले, गुळाचा पाक साधला, ती माजघरातच बसून राहते. तिला कोणी बाहेर बोलावीत नाही. तीही येत नाही. कारण बोलावणे येणार नाही, हे तिला ठाऊक असते.

कुंकू हे सौभाग्याचे चिन्ह मानले जाते, त्या भावनेचा अनादर नको. पण गोड बोलण्याची विनवणी करीत दिल्या जाणाऱ्या तिळगुळाला सौभाग्याची अट कधी होती? वाण हे दान आहे. दानाला पात्र कोण, हे कपाळावरून ठरवावे काय? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव ग्रामसभेत होतो. त्याचे आचरण मात्र ओसरीवर व्हावे लागते, आणि ते गृहिणीच्या हाती आहे.

यंदा वाण मांडताना एक सुगड अधिक मांडावे. पहिला तिळगूळ देवापुढे ठेवावा, दुसरा माजघरात न्यावा. ती संकोचेल, ‘मला कशाला?’ म्हणेल. तेव्हा तिचा हात धरून तिला ओसरीवर, सर्वांच्या मध्ये आणून बसवावे. मग उरलेला तिळगूळ घेऊन शेजारच्या घराकडे वळावे. तो त्या घरीही अधिक गोड लागेल.