वरून खाली कोरलेले देऊळ

देऊळ कसे बांधतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आधी पाया खणतात. पाया भरला की जोते येते. जोत्यावर भिंती चढतात, भिंतींवर छत पडते. सगळ्यात शेवटी कळस चढतो आणि त्या दिवशी गावजेवण होते. आधी पाया आणि मग कळस, हा बांधकामाचा नेम आहे.

वेरूळला महादेवाचे एक देऊळ आहे. तिथे हा नेम उलटा झाला. तिथे कळस आधी झाला आणि पाया शेवटी आला. त्या देवळाचे नाव कैलास.

वेरूळ हे गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, खुलताबाद तालुक्यात आहे. शहरापासून ते सुमारे ३० किलोमीटर. शिवाजी महाराजांचे भोसले घराणे याच गावचे. घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंगही इथेच आहे. गावाजवळ एक लांबच लांब डोंगर आहे. त्या डोंगराच्या पोटात ३४ लेणी कोरलेली आहेत. त्यांतली १२ बौद्धांची, १७ हिंदूंची आणि ५ जैनांची. तीन धर्मांची माणसे एकाच डोंगरात शेजारी शेजारी देवाची जागा करून राहिली. कैलास हे यांतले १६ नंबरचे लेणे.

लेणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुहा येते. कैलास गुहा नाही. ते आकाशाखाली मोकळे उभे असलेले देऊळ आहे. त्याला शिखर आहे, मंडप आहे, नंदीचा सज्जा आहे, आवार आहे. पण त्यात चुना भरून दगडावर दगड रचलेला नाही. सगळे देऊळ म्हणजे डोंगराचाच एक अखंड तुकडा आहे.

हे कसे घडले याची एक कथा लोक सांगतात. कथाकल्पतरू या जुन्या मराठी ग्रंथातही ती आली आहे.

एक राजा होता. त्याला मोठे दुखणे आले. वैद्य झाले, औषधे झाली, गुण येईना. त्याच्या राणीचे नाव माणिकावती. तिने शंकराला नवस केला. म्हणाली, "देवा, माझ्या धन्याला बरे कर. मी तुझे देऊळ बांधीन. देवळाचे शिखर डोळ्यांनी पाहीन, तेव्हाच अन्नाला शिवेन."

राजा बरा झाला. राणी म्हणाली, "चला, आता देऊळ बांधायला घ्या." राजाला वाटले, बांधू सावकाश. पण राणीचा नवस समजला तेव्हा त्याच्या पोटात धस्स झाले. शिखर दिसायचे म्हणजे आधी पाया, मग भिंती. त्याला वर्षे लागणार. तोवर उपाशी माणूस जगेल कसा? राजाने गवंडी बोलावले, पाथरवट बोलावले. सगळ्यांनी माना हलवल्या. हे आमच्याने होणार नाही म्हणाले.

तेव्हा पैठणहून एक कारागीर आला. त्याचे नाव कोकस. तो म्हणाला, "महाराज, आठ दिवसांत राणीसाहेबांना शिखर दाखवतो." त्याने पाया खणलाच नाही. तो आपली माणसे घेऊन थेट डोंगराच्या माथ्यावर चढला आणि वरून कोरायला लागला. आठवडा झाला आणि शिखर दिसू लागले. राणीने दर्शन घेतले आणि उपास सोडला. खालचे देऊळ मग सावकाश होत राहिले. राणीच्या नावावरून देवाला माणकेश्वर म्हणू लागले.

आता तुम्ही विचाराल, ही कथा खरी का? राणी माणिकावतीचे नाव कोणत्याही शिलालेखात सापडत नाही. आठ दिवसांत एवढ्या कठीण दगडाचे शिखर होत नाही, हे कोणताही पाथरवट सांगेल. पण कथेतली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. देऊळ वरूनच कोरले आहे. ज्या लोकांनी ही कथा रचली त्यांनी देवळाकडे नीट डोळे उघडून पाहिले होते.

काम कसे झाले असेल, हे विहीर खणणाऱ्या माणसाला चटकन कळेल. विहीर आपण वरून खाली खणतो. माती संपते, मुरूम लागतो, मग काळा पाषाण लागतो. कैलासाच्या कारागिरांनीही डोंगराच्या उतारावर वरून खाली खणले. फरक एवढाच की विहिरीत आपण मधला सगळा दगड काढून टाकतो, त्यांनी मधला ठेवला आणि भोवतालचा काढला. दोन लांब चर डोंगरात आत नेले. तिसरा आडवा चर मागच्या बाजूने मारून ते दोन्ही जोडले. मध्ये दगडाचा एक प्रचंड ठोकळा सुटा उभा राहिला. मग त्या ठोकळ्याला माथ्यापासून घडवत घडवत ते खाली उतरले.

यात एक मोठी सोय होती. उंच काम करायला पराती बांधाव्या लागल्या नाहीत. कारागीर ज्या दगडावर उभा राही, तोच त्याचा माळा. वरचे नक्षीकाम पुरे झाले की खालचा दगड फोडायचा आणि एक पायरी खाली यायचे.

पण धोकाही तेवढाच मोठा. बांधकामात एखादा दगड बिघडला तर तो काढून दुसरा बसवता येतो. इथे एक घाव जास्त पडला की तो दगड गेला, परत येत नाही. हत्तीची सोंड कुठे येणार, खांब कुठे येणार, जिना कुठून उतरणार, हे सगळे पहिला घाव घालण्याआधी कोणाच्या तरी डोक्यात पक्के असले पाहिजे.

मापे ऐका. खोदलेले आवार सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. मागची कातळाची भिंत शंभर फुटांहून उंच आहे. आपल्याकडे पन्नास फूट विहीर खणली तरी गाव कौतुक करते. देवळाची उंची सुमारे ९६ फूट. काढून टाकलेला दगड दोन लाख टनांच्या आसपास असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे. एका बैलगाडीत एक टन दगड घातला, तर दोन लाख गाड्या भरतील. आणि हत्यारे कोणती? छिन्नी, हातोडा आणि पहार.

हे कोणी करवले, ते मात्र लिहून ठेवलेले आहे. त्या काळी राष्ट्रकूट घराण्याचे राज्य होते. त्यातला राजा पहिला कृष्ण इ. स. ७५६ च्या सुमारास गादीवर आला. त्याच्या घराण्याच्या गुजरातकडील शाखेतला राजा कर्क याने इ. स. ८१२ मध्ये दिलेला एक ताम्रपट बडोद्याला सापडला. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला दस्त. आपल्या सातबाऱ्यासारखाच जमिनीचा कागद समजा. त्यात कृष्णराजाने एलापुरात, म्हणजे वेरुळात, शंकराचे अद्भुत देऊळ केल्याचे लिहिले आहे. पुढचा मजकूर तर फारच गोड आहे. विमानातून जाणारे देव हे देऊळ पाहून थक्क झाले. त्यांना वाटले, हे आपोआपच प्रकट झाले असावे. ज्याने ते घडवले तो कारागीरही स्वतःच नवल करू लागला, की हे माझ्या हातून झाले तरी कसे!

आम्हाला यात एक गंमत दिसते. ताम्रपटाने राजाचे नाव जपले, पण कारागिराचे नाव लिहिले नाही. लोकांच्या कथेने उलट केले. ती राजाचे खरे नाव विसरली आणि कोकस हे पाथरवटाचे नाव तोंडी जपत आली.

कितीएक जुनी देवळे पांडवांनी एका रात्रीत केली, असे लोक सांगतात. काही जण प्रत्येक जुने देऊळ हेमाडपंताच्या नावावर घालतात. हेमाडपंत तेराव्या शतकातला, म्हणजे कैलासानंतर पाचशे वर्षांनी झाला. अलीकडे तर दुसऱ्या ग्रहावरून कोणी आले आणि त्यांनी यंत्राने हे कोरले, असेही बोलणारे भेटतात. त्यांना आमचे सांगणे असे, की आवाराच्या कडेच्या भिंतींजवळ जा आणि कातळ बघा. छिन्नीच्या टवक्यांच्या रेघा आजही त्यावर दिसतात. प्रत्येक रेघेमागे एका माणसाचा घाव आहे. ज्या हातांना घट्टे पडले त्यांचे श्रेय भुताखेतांना का द्यावे?

हे कारागीर दक्षिणेच्या पद्धतीत तयार झालेले होते, हे शिखरावरून कळते. शिखर एकावर एक मजले चढवल्यासारखे आहे. कर्नाटकात पट्टदकल इथे विरूपाक्षाचे देऊळ आहे. चालुक्य राजा विक्रमादित्याने कांची जिंकली, म्हणून त्याची राणी लोकमहादेवी हिने ते बांधवले. कैलासाची ठेवण त्या देवळाशी पुष्कळ जुळते. चालुक्यांचे राज्य पुढे राष्ट्रकूटांनी घेतले.

आता आत चला. दारातून शिरताच समोर गजलक्ष्मी दिसते. ती कमळांच्या तळ्यात बसली आहे आणि हत्ती तिच्यावर पाणी ओतीत आहेत. दोन्ही अंगांना आवारात एकेक दगडी हत्ती आणि एकेक उंच ध्वजस्तंभ आहे. हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत, त्याचे वाईट वाटते. देवळाच्या जोत्यावर हत्तींची रांगच रांग कोरली आहे. वाटते, सगळे देऊळ त्यांनीच पाठीवर पेलून धरले आहे. नंदीचा मंडप आणि मुख्य देऊळ यांच्यामध्ये पूल आहे, तोही त्याच अखंड दगडाचा. वर सोळा खांबांचा सभामंडप आहे. गाभाऱ्यात शिवलिंग आहे.

भिंतींवर एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत कोरले आहे. पुस्तकाच्या ओळींसारख्या चित्रांच्या ओळी एकीखाली एक आहेत. सेतू बांधणारी वानरे लगेच ओळखू येतात. अक्षर न येणाऱ्यालाही ही पोथी वाचता येत होती.

दक्षिण अंगाला एक मोठे शिल्प आहे. तिथे आम्ही पुष्कळ वेळ उभे राहतो. रावणाने गर्वाने कैलास पर्वत उपटायला हात घातला, ही गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. इथे रावण खाली अंधारात बसून वीस हातांनी पर्वत हलवतो आहे. वर पार्वती घाबरून शंकराचा दंड धरते आहे. एक दासी पळत सुटली आहे. शंकर मात्र शांत आहे. तो नुसता पाय दाबतो आणि पर्वत जागच्या जागी बसतो. आता जरा विचार करा. या देवळाचेच नाव कैलास. म्हणजे आपण ज्या देवळात उभे आहोत तेच रावण खालून हलवतो आहे.

पूर्वी या साऱ्या देवळाला पांढरा गिलावा होता आणि त्यावर रंग होते. काही ठिकाणी त्याचे तुकडे अजून टिकून आहेत. म्हणून आसपासचे लोक याला रंगमहाल म्हणत. बाराशे वर्षांच्या पावसाने बराच रंग धुऊन नेला. पावसाने नेले ते नेले, पण माणसांनी आपली नावे दगडावर ओरखडून जी खराबी केली तिला काय म्हणावे? आपल्याला आता लिहिता येते. नाव लिहायला पाटी आहे, वही आहे.

१९८३ साली वेरूळच्या लेण्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. लेणी मंगळवारी बंद असतात, म्हणून मंगळवार टाळून जावे. देवळाचे तोंड पश्चिमेला आहे. दुपार कलली की उन्हे समोरून पडतात आणि कोरीव काम उठून दिसते.

खालचे पाहून झाले की कडेच्या वाटेने डोंगरावर चढा. कड्याला मात्र जपून, लहान मुलांचा हात धरून उभे राहा. तिथून शिखर डोळ्यांच्या रेषेत येते. मंडपाच्या छतावर मोठे कमळ आणि त्याच्याभोवती चार सिंह दिसतात. खाली आवारात माणसे मुंगीएवढी वाटतात. कोकस म्हणा, नाहीतर आणखी कोणी म्हणा, त्याने पहिला घाव घातला तेव्हा या जागी नुसता डोंगराचा उतार होता.